सेवेचं सर्टिफिकेट कुठे मिळतं?

जेईई, नीट, फाउंडेशन, क्रॅश कोर्स, टायअप. नागपुरात प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला या पट्ट्यात पाट्या वाचत फिरलं, की इथल्या आईबाबांच्या मनात काय चाललंय ते वेगळं विचारावं लागत नाही. अलीकडे या पाट्यांत परदेशी शिक्षणाच्या मार्गदर्शनाची आणि ‘प्रोफाइल बिल्डिंग’ची भर पडली आहे. तिच्याबरोबर एक नवा प्रश्नही घरांत शिरला आहे: ‘पोट्ट्याला कुठेतरी समाजसेवेला लावायचं आहे, सर्टिफिकेट कुठे मिळतं?’

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. विचारणारे आईबाबा भाबडे असतील, पण ढोंगी नसतात. चांगल्या कॉलेजात प्रवेश हवा आणि तिथे सेवा बघतात, एवढंच त्यांच्या कानावर आलेलं असतं. कोण बघतं, काय बघतं आणि कशासाठी बघतं हे मात्र कोणी नीट सांगत नाही.

आधी हिशेब मोकळा करू. आयआयटीला जेईई अ‍ॅडव्हान्स्डची रँक लागते. प्रताप नगरच्या शेजारच्या व्हीएनआयटीला जेईई मेनची. मेडिकलला आणि मिहानमधल्या एम्सला नीटची. 2024 साली नीटला 23 लाखांहून अधिक मुलं बसली आणि त्यांतल्या एकाच्याही रँकमध्ये सेवेचा अर्धा गुण धरला गेला नाही. राज्य मंडळाच्या दहावीला खेळ, शास्त्रीय कला, लोककला, चित्रकला यांचे वाढीव गुण मिळतात. अंध मुलाचा पेपर लिहून दिल्याचे मिळत नाहीत. तेव्हा ज्या घरात फक्त इंजिनिअरिंग किंवा मेडिकल एवढाच बेत आहे, तिथे सर्टिफिकेटसाठी धावाधाव करण्यात काही अर्थ नाही. अशा घरातलं मूल सेवा करत असेल तर ते केवळ करावंसं वाटतं म्हणून करतंय, आणि त्याला तसंच करू द्यावं.

सेवा बघणारी दारं वेगळी आहेत. सोनिपतचं अशोका विद्यापीठ 2014 साली सुरू झालं. तिथे गुणांबरोबर निबंध आणि मुलाखतही असते. बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ मुलाखतीत मुलाला समाजाबद्दल बोलतं करतं. दहावीनंतर दोन वर्षांसाठी पुण्याजवळ मुळशीत, पौडच्या बाजूला, 1997 पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेजेसचं (यूडब्ल्यूसी) महिंद्रा कॉलेज आहे. तिथल्या निवडीत मूल माणूस म्हणून कसं आहे याला मोठं वजन असतं. तिथे आणि शहरांतल्या महागड्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलोरिएट) शाळांत अकरावी-बारावीच्या पदविकेसाठी सर्जनशील काम, शारीरिक काम आणि सेवा अशी तीन अंगांची नोंद दीड वर्ष ठेवावी लागते. ती पुरी झाल्याशिवाय पदविका हाती पडत नाही. आणि चौथं दार अर्थातच अमेरिकेचं.

अमेरिकेतली शेकडो कॉलेजं ज्या एका सामाईक अर्जावर प्रवेश देतात, तो ‘कॉमन अ‍ॅप’ एकदा उघडून बघावा, पुष्कळ गैरसमज तिथेच गळून पडतात. उपक्रम लिहायला त्यात दहा जागा आहेत. प्रत्येकाच्या वर्णनाला जास्तीत जास्त 150 अक्षरं, मोकळ्या जागा धरून. म्हणजे एक लांब वाक्य, फार तर दोन आखूड. त्याच्या शेजारी वेगळ्या चौकटी: कोणकोणत्या इयत्तेत केलं, आठवड्याला किती तास, वर्षातले किती आठवडे. सर्टिफिकेट जोडायची सोय या यादीत नाहीच. लॅमिनेट करून फाइलला लावलेला तो रंगीत कागद त्या अर्जापर्यंत पोचतच नाही.

त्या चौकटी बारकाईने वाचल्या तर अर्जाचा कल कळतो. प्रजासत्ताकदिनाला एकदा फळवाटप केलं, तर तिथे ‘वर्षातला 1 आठवडा’ असंच लिहावं लागतं. तीन वर्षं दर रविवारी दोन तास कुठे गेलात, तर तेही तेवढ्याच स्पष्टपणे दिसतं. वाचणाऱ्याला दुसरं काही सांगावं लागत नाही. उपक्रमांच्या प्रकारांमध्ये ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हाही एक प्रकार आहे. आई पोळीभाजी केंद्रावर जाते म्हणून धाकट्या भावाचा अभ्यास आणि आजीची औषधं जी मुलगी सांभाळते, तिने ते तिथे लिहावं. ती ते लिहीत नाही, कारण हे काम मोजण्याजोगं आहे असं तिला कोणी कधी सांगितलेलंच नसतं.

हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागाने जानेवारी 2016 मध्ये ‘टर्निंग द टाइड’ नावाचा अहवाल काढला आणि अमेरिकेतल्या अनेक नामवंत कॉलेजांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला. त्याचा मथितार्थ असा: उपक्रमांची लांबलचक यादी नको, मुलाने स्वतः निवडलेलं एखादं काम निदान वर्षभर टिकलेलं हवं, दूरदेशी जाऊन केलेल्या दिखाऊ सेवेचं कौतुक थांबवावं, आणि घर चालवण्यात हातभार लावणाऱ्या मुलांच्या कामाला सेवेइतकाच मान द्यावा. अहवालाने जग बदललं असा माझा दावा नाही. तीनच वर्षांनी, 2019 मध्ये, अमेरिकेतला कॉलेज प्रवेश घोटाळा उघड झाला. कधी शर्यतीची नाव न वल्हवलेल्या मुलींचे व्यायामाच्या यंत्रावर फोटो काढून त्यांना वल्हेपटू ठरवलं होतं. पैसेवाल्यांनी प्रोफाइल विकत घ्यायचा हा धंदा शेवटी तुरुंगापर्यंत गेला. पण अर्ज वाचणारी माणसं कशाला कंटाळली आहेत, एवढं त्या अहवालावरून कळतं.

मग खरं काम ओळखायचं कसं? माझी कसोटी एकाच प्रश्नाची आहे: आज आपण गेलो नाही तर कोणाचं काही अडेल का? अडत असेल तर ती सेवा. नसेल तर ती सहल आहे, मग हातात झाडू असो की झाडाचं रोप.

शाळकरी मुलांवर खरंच कोणाचं काही अडू शकतं का, अशी शंका येईल. तिचं उत्तर वेल्सच्या समुद्रकिनाऱ्यावर आहे. यूडब्ल्यूसीचं पहिलं कॉलेज, अटलांटिक कॉलेज, 1962 साली तिथल्या एका जुन्या किल्ल्यात सुरू झालं. ते ज्यांच्या विचारातून उभं राहिलं त्या कुर्ट हान यांचं म्हणणं होतं, की सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना उपदेश देऊ नका, जबाबदारी द्या. किल्ल्याखालचा समुद्र खवळलेला, भरती-ओहोटीचा फरक मोठा, त्यामुळे माणसं बुडायची. मुलांनी जीवरक्षक नौकेची पाळी सांभाळायला घेतली. साध्या लाकडी होड्या लाटांत उलटायच्या आणि हवा भरलेल्या रबरी होड्या खडकांवर फाटायच्या. तेव्हा मुख्याध्यापक डेझमंड होर, जे निवृत्त नौदल अधिकारी होते, आणि त्यांचे विद्यार्थी यांनी मिळून तळ कडक आणि काठाला हवेच्या नळ्या अशी नवी बोट घडवली. वर्षानुवर्षं ती मोडत, जोडत, बदलत राहिले. तिचं पेटंट ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेला फक्त एका पौंडात दिलं गेलं. आज जगभरची तटरक्षक दलं याच धाटणीच्या बोटी वापरतात. त्या मुलांनी कोणाचं लक्ष वेधायला बोट बांधली नाही. बांधली नसती तर माणूस बुडाला असता.

इतकं नाट्य प्रत्येक कामात नसतं, आणि समुद्र नागपूरपासून फार लांब आहे. पण इथून शंभरेक किलोमीटरवर, वरोऱ्याजवळ, याच्याही आधीचा एक दाखला आहे. 1950च्या दशकात बाबा आमटेंच्या आनंदवनात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण स्वयंसेवक येऊन राहिले. त्यांनी इमारती बांधल्या, हे खरं. पण त्याहून मोठं काम त्यांच्या हातून नकळत झालं. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी तोवर गावातलं कोणी घेत नव्हतं. ही गोरी पोरं तिथेच राहतात, तीच भाजी खातात आणि त्यांना काही होत नाही, हे लोकांनी पाहिलं आणि भीती ओसरू लागली. विटा गवंड्यानेही रचल्या असत्या. तिथे राहून, त्याच पंगतीत जेवणं हे गवंड्याच्या मजुरीत बसणारं काम नव्हतं. पुढे 1967 पासून मूल तालुक्यातल्या सोमनाथला आमटेंची श्रमसंस्कार छावणी भरू लागली. मे महिन्याच्या उन्हात महाराष्ट्रभरातून मुलं-मुली तिथे कुदळ-फावडं चालवायला जातात. एका आठवड्यात किती माती हलते हा प्रश्न तिथे गौण आहे. त्या छावणीतून घरी परतलेल्यांपैकी किती जणांनी पुढे आपापल्या गावी काम उभं केलं, ते महत्त्वाचं.

दुसरा दाखला सेवाग्रामचा. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान हे वैद्यकीय महाविद्यालय काढलं. प्रवेशासाठी या कॉलेजची स्वतःची परीक्षा होती आणि तिच्यात गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. देशभर नीट लागू झाल्यावर तो पेपर गेला. मला त्याची फारशी हळहळ वाटत नाही. पेपर पाठ करता येतो. राहिलं ते शिबिर: पहिल्या वर्षाची अख्खी बॅच पंधरा दिवस एका खेड्यात राहते, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं सोपवली जातात आणि शिबिर संपल्यावरही त्या घरी पुन्हा पुन्हा जावं लागतं. कोणाच्या घरी गर्भारपण आहे, कोणाचा रक्तदाब वाढलाय, कोणी गोळ्या सोडल्यात. 2022 पासून देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम आला, पण सेवाग्रामला ही रीत कितीतरी आधीपासून आहे. ‘पुन्हा जावं लागतं’ हे तीन शब्द त्यात सगळ्यात मोलाचे.

आता प्रताप नगरात परत येऊ आणि नववी ते अकरावीतल्या मुलाला इथे खरोखर काय करता येईल ते बघू.

माझ्या यादीत सगळ्यात वरचं काम लेखनिकाचं. दक्षिण अंबाझरी मार्गावर अंध विद्यालय आहे, प्रताप नगरातून सायकलवर जाता येईल एवढ्यावर. दहावीच्या अंध विद्यार्थ्याला बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक घेता येतो आणि तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. म्हणजे हे काम नियमानेच शाळकरी मुलांसाठी राखलेलं आहे. पदवीधर काका कितीही मनापासून तयार असले तरी चालत नाहीत. शिवाय दहावीचा पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो तेव्हा नववीच्या मुलाची वार्षिक परीक्षा अजून व्हायची असते. तरी दर वर्षी लेखनिकांसाठी शोधाशोध होते, कारण नेमक्या त्या वेळी घरचे म्हणतात, ‘आपला अभ्यास सोडून कशाला?’

लेखनिकाचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. परीक्षार्थी सांगतो, आपण लिहायचं. त्याने चुकीचं उत्तर सांगितलं आणि आपल्याला बरोबर उत्तर माहीत असलं, तरी चुकीचंच लिहायचं. हे पहिल्यांदा करताना हात अडखळतो. प्रश्नपत्रिका वाचून दाखवणं ही दुसरी परीक्षा. गणितात ‘वर्गमूळात एक्स अधिक चार’ असं वाचलं, तर चार वर्गमूळाच्या आत आहेत की बाहेर? ऐकणाऱ्याला कसं कळणार? ‘वर्गमूळ चिन्ह सुरू, एक्स अधिक चार, वर्गमूळ चिन्ह संपलं’ असं वाचावं लागतं. अपूर्णांक असेल तर आधी ‘अंश’ म्हणून थांबायचं, मग ‘छेद’. आलेखातला प्रश्न असेल तर चित्रात काय आहे ते कमी न करता आणि उत्तर न फोडता सांगायचं. परीक्षार्थीला दर तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. शेवटच्या अर्ध्या तासात दोघंही दमलेले असतात. अशा वेळी ‘तू सांग, मी लिहितोय’ एवढंच शांतपणे म्हणता आलं पाहिजे. म्हणून पेपरच्या दिवशी पहिल्यांदा भेटून चालत नाही. दिवाळीनंतरच ओळख व्हावी, सराव प्रश्नपत्रिका एकत्र सोडवाव्यात, एकमेकांच्या बोलण्याचा वेग अंगवळणी पडावा. लेखनिकाचे नियम परीक्षेगणिक वेगळे असतात आणि बदलतातही, शिवाय शाळेचं पत्र आणि आधी घेतलेली परवानगी लागते. ही कागदपत्रं मुलाने स्वतः करावीत. बाबांनी करून दिली तर निम्मं शिक्षण वाया गेलं.

कसोटी लावून बघा. लेखनिक आला नाही तर समोरच्याचं वर्ष जाऊ शकतं.

दुसरं काम वाचायला शिकवण्याचं. घरी कामाला येणाऱ्या मावशींची मुलं जयताळ्याच्या किंवा आसपासच्या शाळेत पाचवीत असतात आणि त्यांतल्या पुष्कळांना दुसरीचा धडा अडखळल्याशिवाय वाचता येत नाही. याचं चित्र 2005 पासून ‘असर’ अहवाल मांडतोय. तो माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी 1995 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या कामातून निघाला. असरची वाचनचाचणी मराठीतही आहे आणि अगदी साधी आहे: एका कागदावर अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि एक गोष्ट. मूल कुठपर्यंत पोचतं ते काही मिनिटांत कळतं. आपली हुशार मुलं शिकवायला बसली की पहिली चूक हीच करतात, की पाचवीतल्या मुलाला थेट पाचवीचं पुस्तक उघडून देतात. प्रथमची पद्धत उलटी आहे. इयत्ता विसरा, मूल आज जिथे आहे तिथून सुरू करा. अक्षरं ओळखणारी एकत्र, शब्द वाचणारी एकत्र. तीन महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्या. आठपैकी पाच मुलं शब्दांवरून परिच्छेदावर गेली तर तो आकडा कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा बोलका आहे. एकही पुढे सरकलं नाही तर तेही लिहून ठेवावं आणि का झालं ते शोधावं. अर्ज वाचणाऱ्याला अपयशाचं वावडं नसतं. गोडगोड यशकथा वाचून तोच कंटाळलेला असतो.

आणि सिकलसेल. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही अनुसूचित जातींच्या समाजांत, हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. नागपूरचे संपत रामटेके यांनी स्वतःच्या मुलाचं दुखणं बघितलं, सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली आणि आयुष्य त्यात घातलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान त्यानंतर, जुलै 2023 मध्ये आलं. शाळकरी मुलाने यात रक्ततपासणी करायची नाही, ते तंत्रज्ञाचं काम. रॅली काढून घोषणा द्यायच्या असतील तर द्याव्यात, पण वर्गातल्या ज्या मुलाला महिन्यातून चार दिवस अंगदुखीने घरी राहावं लागतं, त्याच्या वह्या कोण पुऱ्या करतं? थंडी, पाण्याची कमतरता, अति श्रम यांनी वेदनेचा झटका येतो हे पीटीच्या सरांना कोण सांगतं? त्याच्या पाण्याच्या बाटलीला वर्गात कोण हसू देत नाही? मात्र त्याच्या आजाराचं नाव बोर्डावर लिहून जनजागृती करायची नाही. त्याने विचारलं तर बरोबर राहायचं. हे काम कोणाला दिसत नाही. म्हणून तर ते सहसा कोणी करत नाही.

पर्यावरणाची हौस असलेल्यांना महापालिका आणि ग्रीन व्हिजिल फाउंडेशनचा पौर्णिमा दिवस माहीत असेल. पौर्णिमेच्या रात्री आठ ते नऊ अनावश्यक दिवे बंद ठेवायला दुकानदारांना विनवायचं. दिवाळीच्या तोंडावर धंद्याच्या वेळी पाटीचा दिवा घालवा असं अनोळखी दुकानदाराला पटवणं हे वादविवाद स्पर्धेच्या ट्रॉफीपेक्षा अवघड आहे. वृक्षारोपणाबद्दल मात्र मी जरा कडवट आहे. जुलैत खड्ड्याभोवती दहा जण फोटोला उभे राहतात आणि मे महिन्यात, पारा 45 च्या घरात असताना, त्या झाडाला पाणी घालायला कोणी नसतं. नागपुरात झाड लावणं म्हणजे दोन उन्हाळे त्याला पाणी घालणं. तेवढी तयारी नसेल तर न लावलेलं बरं.

एका दिवसाची सेवा नेहमीच खोटी असते असंही नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत पाणी शिरलं. त्या आठवड्यात दुसऱ्याच्या घरातला गाळ जो उपसत होता, त्याला दर रविवारचा हिशेब विचारू नये. तेव्हा खरंच अडलं होतं.

याउलट जिथे अडत नसतं, तिथे आपल्या जाण्याने त्रासही होऊ शकतो. वाढदिवसाला अनाथालयात केक कापायची प्रथा घ्या. एका तासात जीव लावायचा आणि पुन्हा तोंड दाखवायचं नाही, हे त्या मुलांनी आधीच पुरेसं भोगलेलं असतं. त्यावर कडी म्हणजे फोटो. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असं छायाचित्र किंवा माहिती प्रसिद्ध करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हौसेने स्टेटसला टाकलेला फोटो गुन्ह्यात मोडू शकतो हे प्रोफाइल बांधून देणारे सल्लागारही सांगताना मी ऐकलेले नाहीत. रक्तदानालाही नियमाची आडकाठी आहे. वयाची अठरा वर्षं पुरी झाल्याशिवाय रक्त देता येत नाही. अकरावीतल्या मुलाने शिबिरात खुर्च्या मांडाव्यात, दात्यांना सरबत द्यावं आणि अर्जात खुर्च्या मांडल्या असंच लिहावं. पैसे घेऊन ‘सेवेचा अनुभव’ आणि वर प्रमाणपत्र देणारं पॅकेज कोणी पुढे केलं तर चपला घालून बाहेर पडावं.

वेळेचं काय, हा रास्त प्रश्न. अकरावीला टायअपमध्ये, म्हणजे क्लासशी संगनमत असलेल्या ज्युनिअर कॉलेजात, प्रवेश झाला की मुलाचा दिवस क्लासच्या ताब्यात जातो. म्हणून काम अकरावीत सुरू करायचं नसतं, नववीत करायचं असतं. आठवड्याला दोन तास, एकच काम, एकच जागा. दहावीच्या परीक्षेपुरतं थांबावं, पण जिथे जातो तिथे तसं सांगून थांबावं. ज्युनिअर कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना असेल तर तीही वाईट नाही. 24 सप्टेंबर 1969 ला गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात ती सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर ही तिची चौकट आहे. तास भरायला म्हणून गेलात तर तास भरतील. दत्तक गावातल्या एखाद्या घराशी नातं जोडलंत तर तेही जुळेल. अठरा वर्षं झाल्यावर गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांचं, 2006 पासून चालणारं तरुणांसाठीचं ‘निर्माण’ शिबिर आहेच.

एक साधी वही ठेवावी. तारीख, काय केलं, काय फसलं, कोण काय म्हणालं. अर्जाचा निबंध लिहायची वेळ येते तेव्हा ज्यांच्याकडे वही नसते ती मुलं ‘मला देण्यातला आनंद कळला’ असं लिहून मोकळी होतात. ज्याच्याकडे वही असते तो लिहितो, की ‘छेद’ म्हणायला विसरल्यामुळे सरावाचं एक पूर्ण गणित चुकलं आणि त्यानंतर आम्ही दोघांनी खुणेसाठी टेबलावर बोट आपटायचं ठरवलं. दुसरा निबंध कोणी लिहून देऊ शकत नाही, सल्लागारही नाही आणि यंत्रही नाही.

तुमच्या घरात नववीचं मूल असेल तर दिवाळीची सुटी संपली की त्याला एकट्याला अंध विद्यालयात पाठवा. ‘यंदा लेखनिक कमी पडताहेत का?’ एवढंच त्याने विचारायचं आहे. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात आणि सरावाला दोन-तीन महिने लागतात.